गेमिंग सेंटर ग्राफिक्स कार्डावर चालत नाही

गेमिंग सेंटर काढायचे ठरले की पहिला सल्ला ठरलेला असतो : यंत्रे भारीतली भारी घ्या, पोरे आपोआप येतील. संगणक विकणारा हेच सांगतो, फ्रँचायझी देणाराही हेच सांगतो. निळ्या-जांभळ्या उजेडात न्हालेल्या पुण्या-मुंबईच्या सेंटरांचे व्हिडिओ पाहिले की ऐकणाऱ्यालाही ते पटते. मुद्रा योजनेच्या 'तरुण' गटात 5 ते 10 लाखांचे कर्ज मिळू शकते. यंत्रसामग्रीचे पैसे बँक बहुधा कोटेशन पाहून थेट पुरवठादाराला देते. त्यामुळे जालन्यात किंवा अंबड-भोकरदनला असे सेंटर टाकू पाहणाऱ्या तरुणाचा धंदा कसा असावा, हे ठरवणारा कागद त्याच्या नव्हे, विक्रेत्याच्या टेबलावर तयार होतो. त्या कागदावर ग्राफिक्स कार्ड असते, चमकणारे कॅबिनेट असते, रेसिंग कारच्या सीटसारखी खुर्ची असते. अर्थिंग नसते, जादा कंट्रोलर नसतात, दुसरे दार तर नसतेच. माझे म्हणणे असे की हा सल्ला मुळात चुकीचा आहे आणि जिल्ह्याच्या गावात तो कर्जदाराला बुडवणारा आहे. गेम आणि उपकरणे निवडायची तर कसोटी एकच लावावी : घरी बसून हातातल्या फोनवर जे मिळत नाही, ते या खोलीत मिळते का?

ही कसोटी का, ते आधी पाहू. सेंटरवाल्याला वाटते की आपली स्पर्धा पुढच्या चौकातल्या दुसऱ्या सेंटरशी आहे. प्रत्यक्षात ती गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनशी आहे. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा इतका स्वस्त झाला की मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या खेड्यातला मुलगाही शेताच्या बांधावर बसून चार मित्रांबरोबर बॅटल रॉयाल खेळू लागला. त्याआधीची पिढी सायबर कॅफेत जात असे. सिफीसारख्या कंपनीने 'आयवे' नावाने देशभर कॅफेंची साखळी उभारली होती. गावोगावच्या कॅफेंनी इंटरनेट विकले, आणि इंटरनेट घरोघर पोहोचल्यावर ते बंद पडले. आज जो सेंटरवाला 'आमच्याकडे वेगवान नेट आणि भारी ग्राफिक्स आहे' एवढ्याच बळावर उभा आहे, तो तीच चूक करतो आहे. यंत्राची श्रीमंती दरवर्षी स्वस्त होते आणि घराघरांत शिरते. शेजारी बसलेल्या मित्राला हरवून त्याच क्षणी त्याच्या तोंडाकडे पाहणे मात्र फोनवर मिळत नाही.

दक्षिण कोरियाचा दाखला इथे उपयोगी पडतो, कारण तिथे हा प्रयोग आपल्याआधी होऊन गेला आहे. 1997 च्या आर्थिक संकटानंतर नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी तिथे 'पीसी बांग' नावाची गेमिंग केंद्रे काढली आणि 1998 मध्ये आलेल्या स्टारक्राफ्टने ती भरून टाकली. पुढे घरोघरी जगातले उत्तमांपैकी एक ब्रॉडबँड आले. वर सांगितलेल्या हिशेबाने पीसी बांग नामशेष व्हायला हवी होती. संख्या घटली, पण ती टिकली. शाळा सुटल्यावर, कामावरून परतताना लोक एकत्र बसायला आणि एकत्र खायला तिथे जात राहिले. घरात चांगला संगणक असलेला माणूस तासाचे पैसे मोजून बाहेर खेळायला जातो तो सोबतीसाठी. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांतून पाळी संपवून निघणारा कामगार असो की कॉलेजचा विद्यार्थी, त्याची गरज याहून वेगळी असण्याचे कारण दिसत नाही.

आता यंत्रांचा हिशेब. व्हॅलोरंट हा कॅफेंमध्ये भरपूर खेळला जाणारा गेम जून 2020 मध्ये आला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी, म्हणजे रायट गेम्सने, किमान गरज म्हणून कोअर टू ड्युओच्या जमान्यातला प्रोसेसर, 4 जीबी मेमरी आणि प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स एवढेच मागितले होते. सेकंदाला 144 हून अधिक फ्रेमसाठी त्यांनी सुचवलेले कार्ड होते जीटीएक्स 1050 टीआय, म्हणजे 2016 सालचे मध्यम प्रतीचे कार्ड. हा योगायोग नव्हे. ज्या गेमला लाखो खेळाडू लागतात, तो गेम बनवणारी कंपनी तो साध्या यंत्रावर चालेल याची काळजी घेतेच. म्हणजे सेंटरमध्ये सर्वाधिक तास जे खेळले जाते, त्याला सर्वात महाग कार्डाची गरजच नसते. आता दुसरी बाजू. आरटीएक्स 4090 हे कार्ड पूर्ण भाराने चालले तर 450 वॅट घेते, आरटीएक्स 4060 घेते 115 वॅट. फरक 335 वॅटचा, आणि दहा यंत्रांवर तो साडेतीन किलोवॅटच्या आसपास जातो. रोज दहा तास धरले तर महिन्याला हजार युनिट, आणि तेही व्यापारी दराने. शिवाय ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत साठते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे केवळ कार्डांच्या निवडीपायी एक टनाचा जादा एसी लागला. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात तो आणखी जाचतो आणि नेमकी तेव्हाच शाळा-कॉलेजांना सुटी असते. सगळी कार्डे सदासर्वकाळ पूर्ण भाराने चालत नाहीत हे मान्य. पण तसे असेल तर न वापरल्या जाणाऱ्या ताकदीचे पैसे कशासाठी भरले, हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

पैशाचा हिशेब तर याहून सरळ आहे. धरून चालू की भारी संगणक दीड लाखाचा आणि कामापुरता 60 हजारांचा. दहा यंत्रांवर फरक 9 लाख. तासाला 50 रुपये दर धरला आणि प्रत्येक खुर्ची रोज सरासरी चार तास भरली, तर दिवसाचा गल्ला 2 हजार, महिन्याचा 60 हजार. भाडे, वीज, पगार, हप्ता यांतले काहीही वजा न करता तो फरक फेडायला सव्वा वर्षाचा सगळा गल्ला लागेल. तोवर नवी कार्डे बाजारात आलेली असतील आणि विक्रेता नवे कोटेशन घेऊन दारात उभा असेल.

यावर आक्षेप येतो की जाणकार खेळाडूला फरक कळतो, आणि तो 60 किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला निघून जाईल. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. खेळाडूला फरक कळतो, पण तो कशातून कळतो ते पाहा. पडदा सेकंदाला 60 वेळा ताजा होतो की 144 वेळा, माऊस हाताला बसतो की नाही, कीबोर्डची कळ दाबल्यावर उठते की अडकते, हेडफोनचा एक कान बंद आहे का : त्याला कळते ते हे. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणि मध्यम कार्ड ही जोडी महाग कार्ड आणि साध्या मॉनिटरच्या जोडीपेक्षा अशा गेमसाठी केव्हाही सरस. नवे, जड, कथेवर चालणारे गेम पाहायची हौस असणारेही असतात. त्यांच्यासाठी दहापैकी एक-दोन जागा भारी ठेवा आणि त्यांचा दरही वेगळा ठेवा. राहिला संभाजीनगरचा प्रश्न. जो तासाभराच्या खेळासाठी जाता-येता 120 किलोमीटर जाईल, तो आपले रोजचे गिऱ्हाईक नव्हताच. सेंटर जगते ते आठवड्यातून तीनदा पायी किंवा सायकलवर येणाऱ्या मुलावर.

कोटेशनमध्ये जे नसते त्याचा खर्च मात्र टाळता येत नाही. कंट्रोलरचे उदाहरण घ्या. प्लेस्टेशन 5 च्या कंट्रोलरमधली अंगठ्याची दांडी पोटेन्शिओमीटरवर चालते, म्हणजे आत भाग एकमेकांवर घासतात. उपकरणे उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने 2021 मध्ये त्या भागाच्या घोषित आयुष्यावरून हिशेब मांडला होता : एका लोकप्रिय शूटिंग गेमच्या सुमारे 417 तासांत ते आयुष्य ओलांडले जाऊ शकते. घरी रोज दोन तास खेळणाऱ्याला याची झळ सात महिन्यांनी लागेल. रोज आठ तास चालणाऱ्या सेंटरला 52 दिवसांत. प्रत्येक कंट्रोलर तेवढ्यात बिघडेल असे नाही, पण खेळाडू स्थिर उभा असताना पडद्यावरचा माणूस आपोआप सरकू लागला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून चुंबकाच्या जोरावर, न घासता चालणाऱ्या हॉल इफेक्ट दांड्यांचे कंट्रोलर घ्यावेत, चार लागत असतील तर सहा घ्यावेत आणि ते दुरुस्त करणारा माणूस गावातच शोधून ठेवावा. कीबोर्ड यांत्रिक कळांचा घ्यावा, कारण त्याची एकच कळ बदलता येते. खुर्ची रेसिंगच्या नकलेची नको. आपल्या उन्हाळ्यात रेक्झिनला पाठ चिकटते आणि वर्षभरात ते सोलवटते. जाळीच्या पाठीची साधी ऑफिसची खुर्ची बसणाऱ्याला सोसते आणि मालकालाही. धूळ हा तर मराठवाड्यातल्या प्रत्येक यंत्राचा शत्रू आहे. आठवड्याला ब्लोअर मारायचा वेळ नसेल, तर महाग यंत्र स्वस्त यंत्राइतक्याच लवकर मरते. आभासी वास्तवाच्या चष्म्यांबद्दल थोडक्यात : एका वेळी एकच माणूस खेळतो, बाकीचे बघत उभे राहतात, घामाने भिजलेली गादी प्रत्येक वेळी पुसावी लागते, आणि सोनीने आपला पीएस व्हीआर 2 हा चष्मा 12 वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये असे स्वतःच सांगितले आहे. पहिल्या वर्षी हा खर्च करू नये.

गेम निवडताना तर फोनची कसोटी आणखी कडक लावावी लागते. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह 118 अ‍ॅपवर बंदी घातली. जुलै 2021 मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा दिसेनासा झाला, मे 2023 मध्ये पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली. ज्याने त्या काळात या एकेका गेमच्या स्पर्धांवर सेंटर उभारले, त्याचा धंदा दिल्लीतल्या एका आदेशावर टांगलेला होता. कंपनीचा भरवसाही तितकाच. युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद केले आणि पैसे देऊन गेम घेतलेल्यांच्या हातात काहीच उरले नाही. जालन्याला आणखी एक अनुभव आहे, जो पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर सेंटर आखणाऱ्याच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड या जिल्ह्यांत इंटरनेट काही काळ बंद ठेवले गेले. अशा दिवशी केवळ ऑनलाइन गेम ठेवणाऱ्या सेंटरमधली यंत्रे नुसतीच उभी राहतात. एका पडद्यासमोर दोघे-चौघे बसून खेळायचा फुटबॉल, टेकन 8 सारखी झुंज, बिग अँट स्टुडिओजचा क्रिकेट 24 हे गेम यंत्रात भरलेले असले, तर नेट नसतानाही दोन मित्रांचा सामना होतो. लॅनवर खेळता येणारे जुने गेमही जपून ठेवावेत. आणि ज्याला हे सेंटरच्या इभ्रतीला शोभणार नाही असे वाटते त्याला वाटो, पण एका कोपऱ्यात चांगल्या लाकडाचा कॅरम बोर्ड असावाच. चौघे बसतात, जागा एका टेबलाची लागते, यूपीएस लागत नाही. टेबल टेनिसचे टेबल मात्र 2.74 मीटर लांब असते आणि खेळाडूला मागे सरकायला तेवढीच मोकळी जागा लागते. बाजारपेठेतल्या लहान गाळ्यात ते कोंबले तर भाडे अंगावर पडते आणि खेळही नीट होत नाही.

इथे व्यवहारी माणूस म्हणतो की गेम विकत कशाला घ्यायचे, क्रॅक टाका किंवा एका खात्यावर दहा यंत्रे चालवा. या सल्ल्याने मला चीड येते, कारण तो देणारा धोक्यात येत नाही, घेणारा येतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 ब नुसार बेकायदा प्रत असल्याचे माहीत असूनही संगणकप्रणाली वापरणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक केलेला गेम ऑनलाइन सामन्यात उतरत नाही, अद्ययावत होत नाही आणि सोबत व्हायरस आणतो. त्याच यंत्रावर मुले आपली खाती उघडतात, त्यांचे पासवर्ड चोरीला जातात आणि नाव सेंटरचे खराब होते. घरगुती परवाना दुकानात चालत नाही हेही ध्यानात घ्यावे. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्हने कॅफेंसाठी वेगळा परवाना ठेवला आहे तो त्यासाठीच. खेळाडूला फुकट असलेला गेम दुकानदारालाही आपोआप फुकट ठरत नाही, प्रत्येकाच्या अटी वाचाव्या लागतात. तरीही काउंटर-स्ट्राइक 2, डोटा 2, व्हॅलोरंट, रॉकेट लीग हे गेम खेळाडूला विकत घ्यावे लागत नाहीत, ते अस्सल प्रतीत चालतात आणि खेळाडू स्वतःच्या खात्याने येतो. खरेदीचे पैसे मग त्या चार-पाच गेमसाठी राखता येतात जे दोघांनी शेजारी बसून खेळायचे आहेत.

आता त्या यंत्रांकडे वळू, ज्यांच्याबद्दल विक्रेता आवाज खाली आणून बोलतो. नाणे टाका, बटण दाबा, आकडा जुळला तर पैसे किंवा कुपन. व्हिडिओ गेम पार्लरचा परवाना काढून आत जुगार चालवण्याचा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छाप्यांच्या बातम्या वाचक वर्षानुवर्षे वाचत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात व्हिडिओ गेमवरचे परवान्याचे निर्बंध योग्य ठरवले, आणि यंत्रात फेरफार करून खेळणाऱ्याची जिंकण्याची शक्यताच काढून टाकता येते याचीही दखल घेतली. माझ्या दृष्टीने मर्म इथेच आहे. ज्या यंत्राचा निकाल मालक आतून ठरवू शकतो, ते सेंटरमध्ये येऊ देऊ नये. खेळण्यांवर पंजा सोडणारे यंत्र वरवर निरागस दिसते, पण अनेक यंत्रांत पंजाची पकड किती वेळा घट्ट व्हावी हे चालक ठरवू शकतो. बाहेरचे मूल ते कौशल्य समजून पैसे टाकत राहते. काही जण म्हणतात की नफा याच यंत्रांत आहे आणि बाकी सगळी शोभा. असेल. मग त्याला गेमिंग सेंटर म्हणू नये आणि शाळेच्या रस्त्यावर उघडू नये. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. त्याआधी, डिसेंबर 2022 मध्ये, केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलेच होते. म्हणजे आता रेषा स्पष्ट आहे. खुर्च्यांवर बसलेल्या मुलांनी आपसांत पैज लावली आणि गल्ल्यावरच्या माणसाने ती धरली, तर ती खोली रेषेच्या पलीकडे गेली.

सगळ्यात महत्त्वाचे मी मुद्दाम आतापर्यंत राखून ठेवले, कारण त्यावरचा आक्षेप सर्वांत निर्लज्ज आहे. 25 मे 2024 रोजी, शनिवारी, उन्हाळ्याच्या सुटीत राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. त्या दिवसांत प्रवेश 99 रुपयांत होता, गर्दी होती, मुले होती. पत्र्याचा तात्पुरता सांगाडा होता, जनरेटर आणि गो-कार्टसाठी इंधनाचा साठा होता, वेल्डिंगचे काम चालू होते आणि अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. 27 माणसे गेली. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तिला मानवनिर्मित आपत्ती म्हटले. त्याआधी 16 जून 2002 रोजी बीजिंगमध्ये लानजीसू नावाच्या विनापरवाना इंटरनेट कॅफेत 25 जण मेले, बहुतेक विद्यार्थी. खिडक्यांना लोखंडी गज होते आणि दार बंद होते. 27 जानेवारी 2013 ला ब्राझीलमधल्या सांता मारियाच्या किस नाइटक्लबमध्ये आवाज अडवायला लावलेल्या फोमने पेट घेतला आणि त्याच्या विषारी धुराने 242 बळी घेतले. या तिन्ही घटना समोर ठेवून आपल्याकडच्या प्रस्तावित सेंटरचे चित्र पाहा : भिंतींना काळा फोम, कडेने एलईडीच्या पट्ट्या, काचेवर काळी फिल्म, एकच शटर, आत दहा-पंधरा यंत्रे, दोन एसी आणि जुन्या गाळ्याची मूळ वायर. विक्रेता ज्याला 'माहोल' म्हणून पैसे घेतो, ते जळायला तयार असलेले सामान आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे ही जबाबदारी जागेच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. 2023 मध्ये जालन्याची नगरपालिका महापालिका झाली, तेव्हा लहान गावातल्या सवलतीची भाषाही आता संपायला हवी. आक्षेप असा की लहान धंद्याला हे परवडत नाही. काय परवडत नाही ते मोजून सांगा. प्रत्येक यंत्रासाठी सॉकेट आणि पुरेशा जाडीची तांब्याची वायर, एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी, खरोखर जमिनीत उतरवलेले अर्थिंग, विजेच्या आगीला चालणारी अग्निशामके, आतून ढकलले की उघडणारे दुसरे दार, काचेवरची फिल्म काढणे आणि फोम न लावणे. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींनी तर पैसे वाचतात. बाकीचा खर्च दहा महाग कार्डांतल्या फरकापुढे किरकोळ आहे. गाळ्याला दुसरे दार काढता येत नसेल तर तो गाळा या धंद्यासाठी घेऊ नये, मग भाडे कितीही कमी असो. अर्थिंग नसलेल्या जागेत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि 'इतकं चालतं' म्हणून सगळे सोडून देतात. तसे सोडू नये.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील की हा सगळा खटाटोपच कशाला, असली सेंटरे मुले बिघडवतात, ती बंदच करा. ही काळजी खोटी नाही. अंधाऱ्या खोलीत, तीन बाजूंनी बंद खोपट्यांत, कोण काय पाहतो-खेळतो हे कुणालाच न दिसता मुले तासन्‌तास बसत असतील, तर पालकांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्यावरचा उपाय पुन्हा उपकरणांच्या आणि मांडणीच्या निवडीतच आहे, आणि तो कायद्याने सांगूनही ठेवला आहे. सायबर कॅफेंसाठीच्या 2011 च्या नियमांनुसार खोपट्यांच्या आडभिंती जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नकोत. आडभिंती नसतील तर पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून हवेत. येणाऱ्याची ओळख नोंदवून ती नोंद किमान वर्षभर ठेवायची आणि ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाला मोठ्या माणसासोबतच आत घ्यायचे. नियम जुने असले तरी शहाणपणाचे आहेत. त्यात गेमच्या वयाची भर घालावी. चित्रपटाला असते तसे प्रमाणपत्र आपल्याकडे गेमला नाही, पण युरोपच्या वर्गीकरणात जीटीए 5 हा 18 वर्षांवरच्यांसाठी आहे हे सेंटरवाल्याला माहीत असायला हवे, आणि आठवीतल्या मुलाने मागितला तरी तो लावून द्यायला नको. कोरियात 18 वर्षांखालच्या मुलांना रात्री 10 नंतर पीसी बांगमध्ये बसू देत नाहीत. आपल्याकडे गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ भिंतीवर लावली आणि पाळली, तरी पुष्कळ घरांतली भांडणे वाचतील. उजेड, मोकळी काच, दिसणारे पडदे आणि स्वच्छ स्वच्छतागृह असेल तर मुलीही येतील. आज बहुतेक सेंटरांची मांडणी अशी असते की मुलगी दारातूनच परत फिरते, आणि निम्मे गिऱ्हाईक दारातच गमावल्यावर मालक कार्ड आणखी भारी घ्यायला निघतो. सेंटर बंद केले म्हणून मुलगा खेळायचा थांबणार नाही. तो फोन घेऊन पांघरुणात जाईल, जिथे शेजारी कुणी नसते आणि वेळ संपल्याचे सांगणाराही नसतो.

कर्ज मंजूर करणाऱ्या बँकांनी यंत्रांच्या यादीसोबत वायरिंग, अर्थिंग आणि अग्निशमनाचे अंदाजपत्रक मागावे आणि ते नसेल तर अर्ज परत करावा. महापालिकेने आणि तालुक्याच्या नगरपालिका-नगरपंचायतींनी परवान्याआधी जागा प्रत्यक्ष पाहावी. सेंटर काढणाऱ्या तरुणांनी पहिले सहा महिने कमी यंत्रांवर काढावेत, कोणता गेम किती तास खेळला गेला याची वही ठेवावी आणि पुढची खरेदी त्या वहीवरून करावी. आणि पालकांना विनंती आहे की मुलाला पाठवण्याआधी एकदा स्वतः आत जाऊन या, दुसरे दार कुठे आहे ते विचारा, आणि ते दाखवता आले नाही तर मुलाला तिथे बसवू नका.